कडीला रुमाल

नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं आणि दुसऱ्या हातानं कपाटाकडे दाखवलं. ती दारात उभी होती. एका हातात नव्या चष्म्याची डबी, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी, एक चप्पल काढलेली, एक पायातच. "अहो, ऐकलंत का, त्या चष्मेवाल्यानं आज" एवढं वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं आणि उरलेलं तोंडातच. नवऱ्याचा चेहरा काकुळतीला आलेला. हळू, हळू, आत काम चाललंय, असं तो हातानं सांगत होता. आत म्हणजे कपाटात. आणि कपाटात म्हणजे ती. कपाटाच्या कडीला लाल रुमाल लोंबत होता, त्याअर्थी ती आत बसलेली होती, आणि ती आत असताना बाहेरून येऊन कुणी बडबडायचं नाही हा घरचा नियम होता. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिलाही तो पटला. तिनं खरंच आवाज गिळला. पिशवी अलगद खाली टेकवली, दुसरी चप्पल काढायला वाकली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला की अरेच्चा, मी तर इथं आहे.

"अहो, मी इथं आहे," ती म्हणाली. नवऱ्यानं कपाटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत कपाटाकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं. सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत होते, त्यांनाही कळलं, तेही हसायला लागले. लेक चिमणी आतल्या दारातून डोकावली आणि फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून हसत सुटली. तिघंही खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि घरात आवाज नव्हता. कुणाच्याही तोंडातून हूं की चूं नाही. हसली ती फक्त तीच, आणि आपलं ते एकटं खणखणीत हसणं भिंतीवर आपटून परत आलं. दुपारी घाईत निघताना रुमाल काढायचा राहिला होता, एवढंच झालं होतं. सासरे तेव्हा झोपलेले, नवरा औषधाच्या दुकानावर, चिमणी शाळेत. एकेक करून उठले, आले, त्यांनी रुमाल पाहिला आणि तोंडाला कुलूप लावून बसले. तिच्या चपला दारात नाहीत हे एकानंही पाहिलं नाही. चिमणीच्या गुडघ्याला पट्टी होती. काय झालं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "जिन्यात पडले. रक्त आलं खूप. आजोबांनी मलम लावलं." आणि मग शाबासकीच्या अपेक्षेनं, अगदी बारीक आवाजात, "मी उशीत रडले, आई."

शाबासकी तिनं दिलीही. काय करणार? पोरीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, शहाणी गं माझी बाय, म्हणाली. हात फिरवता फिरवता तिची नजर कपाटाकडे गेली. रिकाम्या कपाटासमोर एक मूल उशीत तोंड खुपसून रडलं. आत कोण होतं? लोकरीची पांघरुणं होती, डांबराच्या गोळ्यांचा वास होता, एक स्टूल होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर तिच्या कामासाठी. बरं, काम कसलं? चोरीचं नाही, लबाडीचं नाही. एकदम सरळ, स्वच्छ काम. याचीच तर तिला इतकी वर्षं हाव होती. फोनवर बोलण्याची तिची नोकरी गेली, त्या कार्यालयाला टाळं लागलं, तेव्हापासून ती घरबसल्या करायचं काहीतरी शोधत होती. सासऱ्यांच्या औषधाच्या वेळा, चिमणीची शाळा, नवऱ्याची दुकानाची फिरती पाळी, यातून घराबाहेर पडायला जागाच नव्हती. आणि घरबसल्या कमवा म्हणणाऱ्यांना तर काय, ऊत आलेला. विजेच्या खांबावर चिकटवलेले, बसच्या सीटमागे लिहिलेले, फोनवर येऊन टपकलेले. पहिल्यानं मेणबत्त्यांचा साचा गळ्यात मारला, म्हणाला, तुम्ही करा, आम्ही विकत घेतो. हिनं मेण वितळवलं, स्वयंपाकघराचं पार वाटोळं केलं, ढीग लावला, आणि तो गडी जो गायब झाला तो झालाच. दुसऱ्यानं टायपिंगचं काम दिलं, आधी अनामत भरा म्हणाला, आणि पानंच्या पानं टाइप करून झाल्यावर चुका काढून तोंडाला पानं पुसली. तिसरी एक बाई होती, गोड बोलणारी, तिच्याबद्दल तर न बोललेलंच बरं.

पण त्या दिवसांत घर कसं होतं, ते आता तिला आठवत राहिलं. फसल्यावर सासरे मेणबत्त्यांच्या ढिगासमोर उभे राहून ओरडले होते, "सूनबाई, आता शंभर वर्षं वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही!" आणि नवरा चिडून म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला विनोद सुचतायत, इथं आमचे पैसे गेले," आणि मग दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि त्या वाजण्यात चिमणी एक मेणबत्ती पेटवून सगळ्यांच्या मधून मिरवत होती. शेजारणीनं भिंतीवर थापा मारल्या होत्या, जरा हळू, म्हणून. लबाडांनी पैसे नेले, पण जाताना घरातलं आणखी काही उचललं नव्हतं. हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. म्हणजे काय, लबाड बरे होते? उद्या म्हणशील, मेणबत्त्या बऱ्या होत्या.

आवाजाचं काम आलं तेव्हा तिनं आधी विश्वासच ठेवला नव्हता. कानाला खडा लावला होता तिनं. पण या लोकांनी अनामत मागितली नाही, यंत्र विकलं नाही, गोड बोलले नाहीत. वाक्यं पाठवतो, ती वाचून पाठवा, म्हणाले. उद्या यंत्रं माणसांशी बोलणार, त्या यंत्रांना बोलायला शिकवायचं तर खरी माणसं बोललेली हवीत. तुमचा आवाज चांगला आहे. बस्स, एवढंच. पैसे ठरल्या दिवशी आले. पुढच्या खेपेलाही आले. नवरा दोनदोनदा खात्यात बघायचा, कुठंतरी मेख असणार म्हणून, पण मेख नव्हती. तिनं भिंतीतल्या मोठ्या कपाटातले खण काढून टाकले, सगळीकडून पांघरुणं टांगली, स्टूल ठेवलं, आणि आत बसून म्हणायला लागली: आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे. तेच आनंदी स्वरात. तेच दिलगिरीच्या स्वरात. आपली गैरसोय झाली याबद्दल आम्हाला खेद आहे. कुणाची गैरसोय, कसला खेद, ते तिला ठाऊक नव्हतं, पण खेद तिला उत्तम जमायचा. आणि दर बैठकीच्या सुरुवातीला काहीच बोलायचं नसे. नुसतं बसायचं आणि खोलीची शांतता टिपायची, म्हणजे मागून कसला आवाज येत असेल तर तो त्यांना वजा करता यावा. त्या वेळी माइकला जोडलेल्या इअरफोनच्या बोंडांतून तिला आपलं घर ऐकू यायचं, अगदी जवळून, जसं कुणी छातीला कान लावून ऐकावं.

आणि तिथंच घोडं अडलं. मागे आवाज आहे, असा शेरा परत यायला लागला. आधी फ्रिज बंद केला. मग भिंतीवरचं घड्याळ काढून त्याची बॅटरी काढली, ते अजून माळ्यावरच आहे. मग पंखा. मग कुकर दुपारी लावायचा नाही असं ठरलं. नवऱ्याच्या सपाता, चिमणीची पाठांतरं, बाथरूममधली गळती, एकेक करत सगळ्यांची बोलती बंद झाली. राहता राहिले सासरे. त्यांना कसं सांगायचं हे तिला कळेना. ते स्वतःच पुढे झाले. फळबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाळा त्यांचा नाही, फळं त्यांची नाहीत, त्यांचा फक्त आवाज. उलट्या खोक्यावर उभे राहायचे, खांद्यावरचा लाल रुमाल काढून वर धरायचे, आणि सगळा बाजार चिडीचूप व्हायचा. मग रुमाल खाली आणि आवाज वर: एक वार! दोन वार! लोक म्हणत, मालापेक्षा हाच महाग. तर त्यांनी आपली पेटी उघडली, तळातून तो रुमाल काढला, झटकला आणि तिच्या हातात दिला. "हा बांध कडीला. हा दिसला की भलेभले गप्प बसलेत, आपण कोण? मी जबाबदार." आणि बाजार गप्प करणाऱ्या माणसानं घर गप्प केलं. चिमणीला खुणा शिकवल्या: पाणी हवं तर अंगठा, भूक लागली तर पोटावर हात. खोकला आला की ते स्वतः उशी तोंडाशी धरायचे. कपाटात तिला तो दाबलेला खोकला ऐकू यायचा, ठक, ठक, कुणीतरी लांबून दार वाजवावं तसा. पुढं पुढं तोही येईनासा झाला. तिनं मनात म्हटलं होतं, बरं झालं, औषध लागू पडलं. मेलं कसलं औषध?

संध्याकाळी ती पंखा लावून पुढच्या खोलीत मुद्दाम बसली. रुमाल कडीवर नव्हता, तो तिनं काढून मांडीवर घेतला होता. बोला आता, काय बोलायचंय ते. नवरा फोन चाळत होता. चिमणी चित्र रंगवत होती, खडू तुटला तर तिनं तुकडा उचलून आजोबांना दाखवला, आजोबांनी अरेरे असा चेहरा केला, तिनं दुसरा खडू घेतला. संपलं. बाई शाळेत म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी फार शांत, इतरांचा डोक्याला ताप असतो. आणि आई म्हणून ती त्या दिवशी फुशारून घरी आली होती. पूर्वी जेवणं झाली की या घरात लिलाव व्हायचा. वाडग्यात उरलेलं शेवटचं केळं सासरे हातात धरायचे आणि सुरू: "बघा, बघा, पिवळंधमक, डाग नाही, लग्नाला उभं करावं असं केळं! बोला कोण बोलतंय!" चिमणी म्हणायची, एक पापा. नवरा म्हणायचा, उद्या पाय चेपीन. बोली चढत जायची, नाही नाही ती वचनं दिली जायची, आणि "तीन वार!" ला ताटं थरथरायची. शेवटचा लिलाव कधी झाला? तिनं खूप आठवून पाहिलं. ते थांबवायचं असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिनं तर नाहीच. दुपारी गप्प बसायचं एवढंच ठरलं होतं, संध्याकाळी नाही, पण गप्पपणाला कुठं घड्याळ कळतं? आणि घड्याळ तर माळ्यावर होतं.

"अहो, बाबा बोलत नाहीत हल्ली," ती स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली.

"वय झालं, अगं."

"वय काय चार महिन्यांत होतं का? हाक मारली तर मान हलवतात. तुम्हीसुद्धा. मघाशी मला खुणेनं मीठ मागितलंत तुम्ही. कडीला रुमाल नव्हता."

"मागितलं असेल. तू दिलंस ना?" तो खरोखर गोंधळून म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून, "हे बघ, कुणी फसवत नाही, कुणी ओरडत नाही, पैसे वेळेवर येतात. असं काम मिळावं म्हणून किती धडपडलीस तू. आता सुखाला नावं ठेवू नकोस." भांडायचं तर समोर कुणीतरी हवं. मेणबत्तीवाल्याला तिनं दारात उभं राहून सात पिढ्यांचा उद्धार होईपर्यंत शिव्या घातल्या होत्या, तो तिथं नसतानाही. या आवाजवाल्यांना कशाबद्दल घालायच्या? त्यांनी फक्त थोडी शांतता मागितली होती, आणि तीही नम्रपणे.

आणि गंमत म्हणजे त्याच लोकांचा निरोप आला. ज्येष्ठ पुरुषांचे आवाज हवे आहेत, कुणी ओळखीचं असल्यास कळवा. तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला आणि तिच्या अंगात असा काही उत्साह संचारला की ती भाजी गॅसवर सोडून बाहेर धावली. बाबा! तुमचा आवाज मागतायत! बाजारानं ज्याला डोक्यावर घेतलं त्या आवाजाला पुन्हा काम, तेही बसल्या जागी, हक्काचं, स्वतःच्या नावावर. मनातल्या मनात तिनं पुढचंही सगळं रचून टाकलं. ते बोलतील, दिवसभर बोलतील, बोलायची सवय परत लागेल, कपाटातला आवाज बाहेरही येईल, मग चिमणीला येईल, मग नवऱ्याला. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, पण आवाज यायला हवा. काम सोडणं तिला परवडणारं नव्हतं, ते तिनं मनाशी उलटंसुलटं करून पाहिलं होतं, तेव्हा उरलेला रस्ता हा एवढाच होता. सासऱ्यांचा चेहरा खुलला. त्यांनी छातीला हात लावला: मी? "तुम्हीच, मग कोण?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून, दाढी करून कपाटासमोर हजर. स्टुलावर बसताना पांघरुणाची घडी सारखी केली, जशी नव्या जागी पाहुण्यानं करावी. तिनं त्यांच्या कानांत बोंडं घातली, दार ओढून फटीपुरतं ठेवलं, आणि नेहमीच्या सवयीनं कडीला रुमाल अडकवला.

सुरुवातीची शांतता त्यांनी अशी दिली की काय सांगावं. श्वाससुद्धा नाही. फटीतून तिला दिसत होतं, म्हातारा हात मांडीवर ठेवून ताठ बसलेला, पापणी हलत नव्हती. मग समोरच्या फोनच्या पडद्यावर वाक्य आलं: नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो? ते वाचून ओठ हलले. बाहेर आला तो नुसता वारा.

"मोठ्यानं, बाबा."

त्यांनी मान डोलावली. परत ओठ हलले. परत वारा. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा लाल झाला, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यांचे डोळे पडद्यावरून निघून फटीतून बाहेर आले आणि कडीवर थांबले. तिच्या ध्यानात आलं. तिनं घाईनं रुमाल ओढून काढला, मुठीत चुरगळला, मागे लपवला. "नाही, नाही रुमाल, बघा. काढला. आता बोला. बाजारात बोलायचात तसं. एक वार म्हणा नुसतं. काहीही म्हणा. मला शिव्या द्या." कपाटाबाहेर नवरा भिंतीला टेकून उभा होता, चिमणी त्याचा हात धरून, दोघंही श्वास रोखून, कामात व्यत्यय नको म्हणून. तिला वाटलं, यांच्या अंगावर ओरडावं, अरे काहीतरी पाडा, आपटा, भांडं फेका. सासऱ्यांनी बोंडं काढली आणि तिच्या हातात ठेवली. तिच्या कानाशी तोंड आणून ते कुजबुजले, "येत नाही गं. आत आहे, पण वर येत नाही. माफ कर, तुझा वेळ फुकट गेला." आपली गैरसोय झाली याबद्दल आम्हाला खेद आहे, हे वाक्य तिनं कितीदा वाचलं असेल, पण एवढा खरा खेद तिला काही जमला नव्हता.

टिपलेलं होतं तेवढं तिनं तरीही पाठवून दिलं. वेडी आशा, दुसरं काय. उत्तर लवकर आलं, नेहमीसारखंच सभ्य. वाक्ये ऐकू येत नाहीत, त्यामुळे हा आवाज स्वीकारता येत नाही. मात्र खोलीची शांतता उत्कृष्ट दर्जाची आहे. अशा शांततेचे आणखी नमुने आम्हाला हवे आहेत, त्याचा मोबदला वेगळा दिला जाईल. नवऱ्यानं खांद्यावरून वाचलं आणि हळूच तिची पाठ थोपटली. "बघ," तो पुटपुटला, "बाबांचंही काम झालं." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर वाडग्यात एक केळं उरलं. डाग पडलेलं, जरा मऊ. तिनं ते उचललं. उठून उभी राहिली. कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि वर धरला, अगदी हात ताणून, त्यांच्या गोष्टीतल्या उलट्या खोक्यावर उभी असल्यासारखी. घर गप्प होतंच. मग रुमाल खाली आणला आणि ती पुकारायला लागली, "बघा, बघा, पिवळंधमक केळं! बोला, कोण बोलतंय! एक वार!" आवाज स्वच्छ निघाला, शब्द सुटे सुटे, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. असा आवाज लोकांना हवा असतो. चिमणीनं बापाकडे पाहिलं. बापानं आपल्या ताटाकडे पाहिलं. "दोन वार!" ती ओरडली, आणि तेवढ्यात समोर सासऱ्यांचे डोळे चमकले. त्यांनी तिच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं, ओळखीचं हसले, आणि त्यांचा हात मांडीवरून वर उठला. बोली लावतायत! ती थांबली, केळं पुढं धरून, ते काय बोलतात ते ऐकायला.

हात वर आला, बोट ताठ झालं, आणि त्यांनी ते ओठांवर ठेवलं. मग मोठ्या मायेनं त्यांनी कपाटाकडे दाखवलं, हळू, आत सूनबाई काम करतेय.